हेल्दी खाऊन वजन कसं वाढतं? आमच्या दाजींना विचारा

"साखर पूर्ण बंद केली, गूळ, मध, ड्रायफ्रूट, म्युसली सुरू केलं, रोज ज्यूस पितो, तरी तीन महिन्यांत चार किलो वाढलो, असं कसं?" असं विचारलंय तुम्ही. अहो असंच. माझं सहा वाढलं होतं, पाच महिन्यांत ७८ चं ८४, आणि तेही रोज सकाळी आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर तासभर चालून.

झालं काय, आमचे दाजी पुण्याला असतात. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आले तेव्हा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, साखर म्हणजे पांढरं विष, गुळानं वजन वाढत नाही, उलट चरबी जळते. मी म्हटलं दाजी, गूळ पण शेवटी साखरच की. तर म्हणाले, "आजोळी गुऱ्हाळ आणि तुलाच गुळाची किंमत नाही!" सगळे हसले. ताई पण हसली. जावयापुढं काय बोलणार, गप्प बसलो. आणि खरं सांगू का, मनात कुठंतरी वाटलं की असेल बाबा, एवढा शिकलेला माणूस सांगतोय.

मग सुरू झालं. सकाळी गुळाचा चहा. आधी मी एक चमचा साखर घ्यायचो, मोजून. गूळ कोण मोजतंय? साखरेपेक्षा गोडी जरा कमी म्हणून खडा मोठा पडतो, त्यात "औषधी आहे" म्हणून दुसरा कप. मग रंकाळा. फेरी मारून घरी यावं ना सरळ, तर नाही, गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात, कोमट. बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, ते दूध पिल्यावर माणसाला आपण खासबागेत कुस्ती मारून आलोय असं वाटतं. मी काय मारून आलेलो? रंकाळ्याची फेरी, ती पण मित्राबरोबर गप्पा हाणत.

आणि घरी आलं की लाडू. दाजींनी ताईकडून खास करून पाठवलेले, शेंगदाणे, खजूर, गूळ, वर तूप, "शुगर फ्री" म्हणून. स्टीलचा मोठा डबा. दिवसाला दोन.

बायको पहिल्यापासनं म्हणत होती की पँट घट्ट व्हायला लागलीय. मी म्हणायचो धुऊन आटलीय. शेवटी तिनं केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला आणि एक लाडू त्यावर ठेवला. ४८ ग्रॅम. शेंगदाणे १०० ग्रॅमला साधारण ५६७ कॅलरी, गूळ ३८० च्या आसपास, तूप तर ९००. म्हणजे एक लाडू दोनशेच्या वर, दोन लाडवांचे सव्वाचारशे धरा. म्हशीचं पाव लिटर दूध अडीचशेच्या पुढं. आणि माझ्यासारखा गडी तासभर चालून जाळणार अडीचशे ते तीनशे. म्हणजे रंकाळा आणि दूध बरोबरीत सुटले आणि लाडू निव्वळ नफा, तो सगळा पोटावर जमा.

आता गुळाचं सांगतो कारण ते माझ्या जिव्हारी लागलंय. मामांचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी दिवाळीनंतर सुट्टीत तिथंच पडीक असायचो. उसाचा रस काहिलीत ओततात, खाली जाळ, रानभेंडीचं चिकट पाणी घालून वर आलेली मळी काढतात, मग गुळव्या नुसता बुडबुडा बघून सांगतो की आता उतरवा, आणि वाफ्यात ओतून घोटतात. टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. सांगा, यात रसातली साखर कुठं गेली? पाणी उडालं, मळी गेली, साखर तिथंच. साखर १०० ग्रॅमला चारशेच्या जवळ, गूळ त्याहून किंचित कमी. वर लोह असतं म्हणतात, असतंय की, पण ते मिळवायला गूळ खाण्यापेक्षा मटकीची उसळ खा. आणि इथल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, काही गुऱ्हाळांवर काहिलीत सरळ साखरेची पोती सोडतात, रंग चांगला येतो आणि ढेप टणक होते. म्हणजे दाजी ज्याला विष म्हणतात तेच पिवळं करून खातायत, तेही जास्त पैसे मोजून.

गुळाला शिव्या देत नाहीये हां, कोल्हापुरी गुळासारखा गूळ नाही. पोळीत घाला, आमटीत खडा टाका. फक्त वजन कमी करायचं औषध म्हणून खाऊ नका.

तुमच्या बाकीच्या यादीचं: मध पण तसाच, मोठा चमचा म्हणजे साठेक कॅलरी, लिंबूपाण्यात घातला म्हणून कमी होत नाहीत. ज्यूसमध्ये तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून देता, तीच संत्री सोलून खाल्ली तर दोनातच पोट भरतं. म्युसलीच्या पाकिटामागं बारीक अक्षरात साखर, मध, तेल कितव्या नंबरला आहे बघा. बदाम-काजू चांगलेच, पण टीव्ही बघत मूठ-मूठ नको. आणि हेल्दी म्हटलं की हात सैल सुटतो ते वेगळंच, वडापाव खाताना माणूस दुसऱ्याला दहादा विचार करतो, लाडवाला करत नाही.

गंमत बघा, दाजींचा आरोप होता की माझं वजन मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं वाढलं. अहो रविवारी एक दिवस मटण! (पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध असतंय, मान्य, पण रोज पितोय का मी?) मी मटण तसंच ठेवलं, लाडू बंद केले, दूध आठवड्यातनं एकदा, चहात परत मोजून एक चमचा साखर. चार-पाच महिन्यांत ७९ वर आलो.

हे माझ्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी. तालमीत घाम गाळणारा पोरगा असेल किंवा कुणी अगदी बारीक असेल तर त्यानं खुशाल खावेत लाडू. खाण्यात काही फरक नसताना वजन वाढत असेल तर थायरॉईड तपासून घ्या, डायबेटीस असेल तर गूळ "चालतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कट्ट्यावरचं दूध कच्चं असतं, लहान पोरांना आणि गरोदर बायकांना तसं देऊ नका, उकळूनच द्या.

लाडवांचा डबा गेल्या महिन्यात ताईकडं परत पाठवला. रिकामा डबा पाठवायचा नसतो म्हणून बायकोनं त्यात वाटीभर साखर घातली. दाजींचा अजून फोन नाही.