पाऊस बेताचा, तरी माती अधिक का वाहिली?

प्रश्न : भोर तालुक्यात आमची दोन एकर उताराची जमीन आहे. गेल्या वर्षी एकूण पाऊस बेताचाच झाला, तरी मे महिन्यातल्या एकाच वळवाने वरच्या वावरात गुडघाभर ओघळी पडल्या. त्याआधीच्या वर्षी आषाढभर झड लागूनही एवढी माती गेली नव्हती. जमिनीची धूप पावसामुळे अधिक होते की उतारामुळे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वर्षभरात पाऊस किती झाला यापेक्षा तो किती जोराने आणि कशा जमिनीवर पडला, यावर धूप अधिक अवलंबून असते. झडीतला १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने खाली येतो, तर वळवाचा ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने. त्याचे वस्तुमान १२५ पट आणि वेग दुपटीहून अधिक असल्यामुळे त्याची आघातऊर्जा सहाशे पटींच्या घरात जाते. या माऱ्याने ढेकळे फुटतात, सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसून वर खपली धरते आणि पाणी मुरायचे सोडून वाहू लागते. त्यातून मे महिन्यातले रान नांगरून तापत टाकलेले, म्हणजे पूर्ण उघडे असते. वळवानंतर लहान खडे बोटभर मातीच्या खांबांवर टोपीसारखे बसलेले दिसले, तर भोवतालची तेवढी माती गेली, असे खुशाल समजावे.

‘पाऊस की उतार’ असा निवाडा मात्र करता येत नाही. विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांच्या प्रसिद्ध समीकरणात पाऊस, मातीचा प्रकार, उतार, आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांची बेरीज नसून गुणाकार आहे. त्यानुसार उतार ९ टक्क्यांवरून (म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ९ मीटर उतरण) १८ टक्क्यांवर गेला, की धूप दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट होते. उताराची लांबीही मोजावी लागते. अशा उतारावर ती चौपट झाली, तर एकरी धूप साधारण दुप्पट होते. तुम्ही कोथरूडला राहता, तेव्हा वेताळ टेकडीवरच्या सरळ खाली उतरणाऱ्या पायवाटा एकदा पावसानंतर पाहाव्यात. तुडवलेली, उघडी आणि अखंड लांब अशी ती उतरण म्हणजे तुमच्या वावराचीच लहान आवृत्ती आहे.

पाऊस आपल्या हाती नाही. उताराची लांबी मात्र तोडता येते. वरच्या डोंगराचे पाणी वावरात शिरण्याआधीच अडेल असा समतल चर खणावा, नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी, काढणीनंतरची धसकटे रानातच राहू द्यावीत. चराची पातळी नजरेने न ठरवता पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासावी, कारण चर एका बाजूला झुकला तर सारे पाणी तिथेच गोळा होऊन फुटते आणि नवी घळ पडते. पडलेल्या ओघळी नुसत्या नांगर फिरवून बुजवू नयेत, कारण ती भुसभुशीत माती पहिल्याच सरीत निघून जाते. ओघळीच्या माथ्यापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली दगडांचे आडवे अडसर रचत यावे. त्यांच्यामागे गाळ साचून ओघळ हळूहळू भरून येते.