वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीत पाणी येते कुठून?

प्रश्न : माझी २००७ सालची छोटी पेट्रोल गाडी जुळे सोलापुरात घरासमोर, कडुलिंबाच्या झाडाखाली उभी असते. गेले दोन पावसाळे ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पायाशी पाणी साचते, गाडीत कुबट वास येतो आणि सकाळी काचांवर आतून वाफ धरलेली असते. पुढच्या काचेचे रबर बदलले, त्यावर सिलिकॉनही लावून घेतले, तरी पाणी थांबले नाही. आता मिस्त्री डॅशबोर्ड खोलावा लागेल असे म्हणतात. खोलू द्यावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. पाणी कुठे साचते हे आपण नेमके लिहिले आहे, परंतु ते कधी साचते हे लिहिलेले नाही, आणि शोध तिथूनच सुरू करायला हवा. पावसाळ्यात दिसणारे पाणी पावसाचेच असते असे नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्यामुळे एसीच्या कूलिंग कॉइलवर बेताचेच पाणी जमते; सप्टेंबरात हवा दमट झाली की तोच एसी कितीतरी जास्त पाणी गाळू लागतो. हे पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली टपकले पाहिजे. ती नळी धुळीने तुंबली की पाणी आत उतरते, आणि उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या आपल्या बहुतेक गाड्यांत कॉइल डावीकडे असल्याने ते नेमके ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाशी येते. म्हणून एखाद्या पावसाच्या दिवशी एसी अजिबात न लावता गाडी वापरून पाहा, आणि दुसऱ्या एखाद्या कोरड्या पण दमट दिवशी एसी अर्धा तास चालू ठेवून गाडीखाली पाणी टपकते का ते बघा. एसी चालू असताना खाली थेंब नाही आणि आत मात्र ओल, असे आढळले तर नळी साफ करणे एवढेच काम उरते. हवेचा जोरदार झोत मात्र मारू देऊ नका. त्याने नळी आतून निसटण्याची शक्यता असते.

एसी निर्दोष ठरला, तर माझा पहिला संशय काचेवर नसून त्या कडुलिंबावर आहे. वायपरखाली जी काळी प्लॅस्टिकची जाळी दिसते तिच्या खाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी तिच्यात जमते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांच्या मागे खाली जाते. कडुलिंबाची बारीक पाने आणि मोहोर जाळीतून सहज आत जातात, तिथे कुजून त्यांचा चिखल होतो आणि छिद्रे बुजतात. मग पन्हळीतले पाणी चढत जाऊन ब्लोअरला बाहेरची हवा पुरवणाऱ्या तोंडातून थेट आत ओतले जाते. वळणावर डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल किंवा ब्लोअर घरघरत असेल, तर हा संशय जवळजवळ पक्का समजावा. जाळी काढण्यासाठी आधी वायपरचे दांडे काढावे लागतात. इतक्या जुन्या गाडीच्या प्लॅस्टिक क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर पाणी मारून परीक्षा घ्यावी. त्याआधी डाव्या बाजूचा कार्पेट आणि त्याखालचा नमदा उचलून पत्रा पूर्ण कोरडा करावा, कारण नमदा पाणी धरून ठेवतो आणि कालची ओल आजची भासते. सीट काढण्याची वेळ आली आणि तिच्याखाली वायरिंग असेल, तर आधी बॅटरी सोडवावी. नंतर एका माणसाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, मंद धारेने पाणी सोडावे. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन इथे उपयोगाची नाही, कारण पाऊस जिथून कधीच शिरला नसता तिथूनही ती पाणी आत घालते. धार खालून वर न्यावी : आधी दाराचा तळ, मग दाराची काच, मग वायपरखालची जाळी, त्यानंतर पुढची काच आणि सर्वांत शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांवरूनच ओघळते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याचा पहिला ओघळ स्पष्ट दिसतो.

दारातून ओल येताना दिसली तर आतले पॅनेल काढून त्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा पाहावा. दाराच्या पोकळीत पाणी जाणे स्वाभाविकच आहे. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि हा पडदा त्याला आत येऊ देत नाही. स्पीकर बसवणारे कारागीर तो बेधडक फाडतात. इंजिनकडून वायरी आत येतात तिथली रबरी ग्रोमेटही (वायरींभोवती भोकात बसवलेली रबरी कडी) तपासावीत, विशेषतः हॉर्न किंवा सेंट्रल लॉकसाठी नंतर भोक पाडले गेले असेल तर. पाणी चिकट, रंगीत व गोडसर वासाचे असेल आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरत असेल, तर दोष हीटरच्या कोअरचा, म्हणजे डॅशबोर्डमागच्या ज्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट फिरते त्याचा आहे. डॅशबोर्ड खोलण्याचा सल्ला बहुधा तेव्हाच रास्त ठरतो.

काचेवरच्या सिलिकॉनबद्दल : ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते पत्र्याला गंज आणते. तसे असल्यास ते काढून टाकावे. फटी बुजवायच्याच असतील तर गाडीच्या बॉडीसाठीचे सीलंट वापरावे, तेही गळतीची जागा सापडल्यावरच.

प्रश्न : माझ्या जुन्या सेदानच्या डिकीत स्टेपनीखाली प्रत्येक पावसानंतर तांब्याभर पाणी निघते. डिकीच्या कडेचे रबरी बीडिंग नवे आहे. मग पाणी कुठून येते?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : मागच्या दिव्यांची गॅस्केट (दिवा आणि पत्रा यांमधली मऊ पट्टी) पाहा. दिवा काढून गॅस्केट दाबली तर ती स्पंजासारखी परत फुगली पाहिजे. कडक झाली असेल तर बदलावी. ती ठीक असल्यास मागच्या बंपरआड हवा बाहेर जाण्यासाठी असलेल्या रबरी झडपा तपासाव्यात. डिकीत एखाद्याला टॉर्चसह बसवून झाकण लावणार असाल, तर मागची सीट आधी पाडून ठेवावी.