पोरगं एकटंच हसतं, आम्हाला सांगत नाही

जळगावला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांची एक तक्रार आता इतकी ओळखीची झाली आहे, की पहिलं वाक्य ऐकताच पुढची मला कळतात. ‘रात्री हेडफोन घालून मोबाईलवर काहीतरी बघतो. एकटाच खदाखदा हसतो. काय बघतोस विचारलं तर म्हणतो, तुम्हाला नाही कळणार.’ आणि मग आवाज खाली आणून, ‘मॅडम, शिव्या असतात हो त्यात.’ चोपडा, एरंडोल, भुसावळ, गाव कुठलंही असो. मूल दहावी ते कॉलेज या वयातलं, आणि ते बघत असतं स्टँडअप कॉमेडी. पालकांचा प्रश्न एकच: हे बंद कसं करायचं?

याचं उत्तर एका घराच्या गोष्टीतून देते. घरच्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अमळनेर तालुक्यातलं कुटुंब. कापसाची शेती आणि गावात खतं-बियाण्यांचं दुकान. वडील मुलाला घेऊन आले ते ‘हा माणूसघाणा होतोय’ म्हणून. मुलगा बारावीत. मी त्याला विचारलं, “घरात शेवटचं कधी हसलास?”

“घरात हसलं की पप्पा विचारतात, अभ्यास झाला का.”

वडील लगेच काही बोलणार होते. त्यांना थांबवून मी त्यांनाच विचारलं, “तुम्ही याच्या वयाचे असताना कशावर हसायचात?”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची कॅसेट त्यांनी झिजेपर्यंत ऐकली होती. एक माणूस बावन्न पात्रं रंगवतो, याचं त्यांना अजून नवल वाटत होतं. 2005 मध्ये टीव्हीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं, तेव्हा मित्राच्या घरी बसून त्यांनी ते बघितलं. हिंगणघाटचा सुनील पाल जिंकला, तेव्हा आपल्याच गावचा पोरगा जिंकल्यासारखा त्यांना आनंद झाला होता.

“मित्राच्या घरी का? तुमच्याकडे टीव्ही नव्हता?”

“होता ना. पण आबांसमोर हसायची टाप नव्हती.”

मुलगा वडिलांकडे बघतच राहिला. मी म्हटलं, पुढच्या वेळी आबांना आणा.

कुटुंबातला एक जण ‘बिघडला’ म्हणून माझ्यासमोर बसवला जातो, तेव्हा मी सगळं घर बघते. माझा कल पहिल्यापासून तसाच आहे. एकट्या मुलाला समजावून पाठवणं सोपं असतं, पण तो परत त्याच घरात जातो. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला कशाला बोलावता, असं पुष्कळ जण विचारतात. मी तरीही बोलावते, आणि त्या म्हाताऱ्या माणसांनी माझा विश्वास खरा केला आहे.

आबा आले. धोतर, टोपी, चेहऱ्यावर रेष हलत नाही. मी मुलाला त्याच्या आवडीची एक मराठी क्लिप लावायला सांगितली. अट एवढीच, की पाच मिनिटं कोणी मध्ये बोलायचं नाही. पडद्यावरच्या कलाकाराने पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना गाठलं. गाव कोणतं, धंदा काय, बायको सोबत आली आहे का, असं विचारत त्यांच्या प्रत्येक उत्तरातून तो नवा विनोद काढत होता. वडील अस्वस्थ होऊन खुर्चीत सरकत होते. आणि आबा एकदम अहिराणीत बोलले, “अरे, हाऊ ते बतावणी करी ऱ्हायना!” (अरे, हा तर तमाशातली बतावणी करतोय!)

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. सारंगखेड्याच्या यात्रेतला तमाशाचा फड. आधी गण, मग गौळण, गौळणींच्या सोबतीला ठसक्यात चालणारी मावशी, मग बतावणी, मग रात्र संपेपर्यंत वग. बतावणीच्या विनोदी संवादांत लिहिलेलं काही नसायचं. सोंगाड्या संध्याकाळी गावात फिरून कोणाचं काय चाललंय ते टिपून यायचा आणि रात्री पुढे बसलेल्या पाटलाला त्यावरून धरायचा.

“पाटील चिडायचा नाही?” नातवाने विचारलं.

“चिडला तर गाव अजून हसायचं. म्हणून तोच आधी हसायचा.”

“आबा, आम्ही याला क्राउड वर्क म्हणतो. सगळ्यात अवघड असतं ते.”

“अवघडच. आमचा सोंगाड्या गरिबाला कधी धरत नसे. धरायचा तो पुढे बसलेल्यालाच.”

आणि आबा उठले, कमरेवर हात ठेवून माझ्या खोलीत मावशीसारखी चार पावलं चालले. नातू टाळ्या पिटत होता. वडील मात्र थक्क होऊन म्हणाले, “आबा, तुम्ही तमाशाला जायचात?”

“जायचो. तुला सांगितलं असतं तर तूही गेला असतास.”

बराच वेळ तिघं हसत होते. मला जे हवं होतं ते इथे मिळालं. आबांनी आपलं हसू मुलापासून लपवलं, मुलाने बापापासून, आणि आता नातू हेडफोन घालून तेच करत होता. त्या मोबाईलने घरात नवीन काही आणलं नव्हतं. वडिलांना खुपत होत्या त्या शिव्या नव्हेत. आपल्याला वगळून कोणीतरी हसतंय, हे खुपत होतं. हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच होकारार्थी मान हलवली.

हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. म्हणून मी पालकांना सांगते, मोबाईल काढून घेऊ नका, टीव्हीला जोडा. तासाभराचा कार्यक्रम नको, पाच-दहा मिनिटांची क्लिप पुरे. निवड मुलाने करायची. सगळ्यांसोबत बघता येईल असं काय, हे मुलांना नेमकं कळतं, तेवढा विश्वास ठेवा. तुम्हाला विनोद कळला नाही तर ‘यात हसण्यासारखं काय?’ म्हणू नका, ‘परत लाव’ म्हणा. आणि पाहुणे आले की ‘म्हणून दाखव’ असा आग्रह मुळीच करू नका.

या घरात पुढे एक अडचण आली, तीही सांगायला हवी, कारण ती बहुतेक घरांत येते. तिघांचं जमलं आणि विनोदांचा रोख आईकडे वळला. तिचं इंग्रजी, तिच्या भाकरी, तिचं माहेर. ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, “सगळे हसतात, मी चहा करते.” कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. घरात जो माणूस उलटून बोलू शकत नाही, त्याच्यावरचा विनोद टोचणाराच ठरतो, मग त्यात एकही शिवी नसो. शिव्या मोजणाऱ्या पालकांनी आधी हे तपासावं.

मी आबांनाच त्यांच्या सोंगाड्याचा नियम विचारला. त्यांनी तो घरात लावला: जो उलटून बोलू शकत नाही त्याला धरायचं नाही, आणि ज्याच्यावर विनोद होतोय त्याने ‘माझ्यावर नको’ म्हटलं की तिथे थांबायचं. शिवाय हसवायची आईचीही पाळी ठरली. तिने लग्नात व्याह्यांची खिल्ली उडवणारी बायकांची गाणी म्हटली. सासऱ्यांसमोर, पहिल्यांदाच. मुलाने ही गाणी ऐकलीच नव्हती.

आता शिव्यांबद्दल. प्रौढांसाठी अशी खूण असलेले कार्यक्रम लहान मुलांसमोर नकोतच. सोळा-सतराच्या मुलाशी मात्र बोला, की हा विनोद कोणावर आहे आणि तो माणूस समोर असता तर तू हसला असतास का? आणि तुमच्या घरात आजोबा किंवा आजी असतील, तर पहिल्या दिवशी त्यांना विचारा की ते कशावर हसायचे, त्यांचं ऐका, आणि मुलाची क्लिप दुसऱ्या दिवशी लावा.