फिरणाऱ्या क्वार्कद्रव्याचे अवस्थांतर

प्रश्न: आमच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीला मोठे भोवरे पडतात, पण भोवऱ्यातले पाणी वेगळ्या तापमानाला उकळेल असे वाटत नाही. मग क्वार्कद्रव्याच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्क कणांच्या द्रव्याच्या, अवस्थांतराचे तापमान परिवलनाने बदलते, असे का म्हणतात?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: भोवऱ्याच्या मध्यभागी दाब किंचित घटतो, तेवढे सोडले तर पाण्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. परिवलनाचा कणाच्या फिरकीशी (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगाशी) येणारा ऊर्जासंबंध, सेकंदाला एक फेरी घेणाऱ्या पाण्यात, रेणूच्या औष्णिक ऊर्जेहून काही लाख कोटी पटींनी लहान असतो. क्वार्कद्रव्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगाने सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरींत निर्माण होणाऱ्या लॅम्डा या प्रोटॉनहून जड कणांच्या फिरकीचा कल मोजला आणि तेथील द्रवाचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे 9×10²¹ रेडियन असल्याचे 2017 मध्ये जाहीर केले. हा वेग ऊर्जेत मांडला तर सुमारे 60 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन कण यांचा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होण्याचे तापमान त्याच मापात साडेपंधरा कोटींच्या आसपास, म्हणजे सुमारे 1.8 लाख कोटी केल्विन आहे. शेकडा चार हे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

बदल कोणत्या दिशेने होतो, हा खरा कुतूहलाचा भाग आहे. थंड अवस्थेत क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या ज्या जोड्या निर्वात अवकाश भरून असतात, त्यांचा एकूण कोनीय संवेग शून्य असतो. परिवलन मात्र फिरकी आणि कक्षीय गती या दोहोंना आपल्या अक्षाकडे वळवू पाहते, त्यामुळे या जोड्या दुबळ्या होतात आणि अवस्थांतर कमी तापमानाला घडावे, असे क्वार्कांपुरती मांडलेली प्रतिमाने सांगतात. केवळ ग्लुऑन घेऊन अवकाश-काळाच्या जाळीवर केलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत नेमके उलट दिसले: तापमान वाढले. प्रत्यक्ष परिवलन घेतल्यास या पद्धतीतील संभाव्यता संमिश्र संख्या होते, म्हणून कोनीय वेग काल्पनिक संख्या धरून गणित करतात आणि उत्तर मागाहून वास्तव वेगाकडे आणतात. ही पायरी जपूनच वाचावी लागते.

त्याहून चकित करणारी बाब पुढच्या गणनांत आढळली. सापेक्षतेनुसार फिरणाऱ्या वायूची बाहेरची कड अधिक तप्त असते, म्हणून आधी कड विरघळेल अशी अपेक्षा होती. ग्लुऑनांच्या गणनेत मात्र मध्यभाग विरघळलेला आणि कड बद्ध, म्हणजे न विरघळता, राहिलेली दिसते.