घरच्या संत्र्याचं केक-फिलिंग कडू का होतं?

कडूपणा बियांचा आणि फोडींवरच्या पांढऱ्या सालीचा असतो. संत्रं शिजलं की तो जास्तच उतरतो. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे घरोघरी संत्री, त्यामुळे हे अनुभवाचं सांगते: फोडीची पातळ सालसुद्धा काढा, नुसता गर घ्या. वेळखाऊ काम आहे, पण सगळी चव तिथेच आहे.

एक वाटी गराला पाव ते अर्धी वाटी साखर. आंबिया बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाचं) फळ आंबट लागलं तर थोडी वाढवा. मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजवा. दोन चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून ओता (गरम पाण्यात गुठळ्या होतात) आणि ढवळत एक उकळी येऊ द्या, नाहीतर कच्चट लागतं. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून थोडं सैल असतानाच उतरवा. लिंबाचे चार थेंब शेवटी.

पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, क्रीम वितळतं. केकच्या थरावर आधी कडेने क्रीमची पाळ घाला, मग मधे फिलिंग. कपकेकला मधोमध चमच्याने खळगा करा. फिलिंग फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं.