पाणी साठावर येईल तेव्हा

न्यू जर्सी, ८ एप्रिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. मार्चपासून सलग पाच शनिवार गळ टाकून तळ्यावर उभा राहिलास आणि पाचही वेळा हात हलवत घरी आलास. आता नवा रॉड घेऊ का म्हणून विचारतोयस. घेऊ नकोस. तुझ्याकडे साडेसहा फुटी मीडियम रॉड आहे, साधं स्पिनिंग रीळ आहे, त्यावर आठ पौंडी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, आहे. आपल्या तळ्यातल्या लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या माशाला याहून जास्त काही लागत नाही. बाकीचं फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक स्वस्तातलं थर्मामीटर घे आणि त्याला दोरी बांध. तळ्यावर पोचलास की गळ टाकण्याआधी ते तीन फूट खोल सोड, दोन मिनिटं थांब आणि आकडा वहीत लिहून ठेव. सोबत तारीख, वारा कुठला, आणि मासा लागलाच तर कुठे लागला. मी गेली बावीस वर्षं अशा वह्या ठेवतोय. एका वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जो काठ माशांनी भरलेला होता, तोच पुढच्या वर्षी मे उजाडेपर्यंत ओस होता. दोन्ही वर्षी मासे आले तेव्हा पाण्याचा आकडा मात्र सारखाच होता. बासचं सगळं वर्ष त्या आकड्यावर चालतं.

त्याचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी ४५ अंशांवर असताना (इथे सगळे फॅरनहाइटच बोलतात, मीही तेच लिहितो) त्याचं पचन इतकं मंद चालतं की एकदा पोट भरलं की कित्येक दिवस पुरतं. त्याच्या नाकासमोरून आमिष झपाट्याने ओढून नेलंस तर तो कशाला धावेल? मार्चमध्ये तू पाच शनिवार हेच करत होतास.

आता जागेचं. तू दक्षिणेकडच्या धक्क्यावर उभा राहतोस, कारण तिथे गाडी लावायला सोपं. पण वसंतात आधी तापतो तो उत्तरेचा काठ. दक्षिणेकडे कललेलं ऊन दिवसभर त्याच्यावर पडतं आणि उत्तरेचा गार वारा मागच्या झाडीत अडतो. त्यातही जिथे पाणी उथळ आणि तळाशी काळा गाळ आहे, तिथे दुपारी तीनला धक्क्यापेक्षा चार-पाच अंश जास्त मिळतात. स्वतः मोजून बघ. एप्रिलमध्ये पहाटे उठायची गरज नाही, दुपारी जा. पहाटेची वेळ उन्हाळ्याची.

पाणी पन्नाशी ओलांडून साठाकडे निघालं की मोठ्या माद्या खोल पाण्यातून वर सरकतात, पण लगेच काठाला येत नाहीत. उथळ भाग जिथे संपतो आणि तळ उतरायला लागतो, त्या कडेवर, बुडालेल्या झाडापाशी थांबतात. इथे पाच इंची मऊ रबरी गांडूळ वापर. वजन लावू नकोस, गळ गांडुळाच्या बरोबर मधोमध टोच, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी लोंबतील. (निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला हे प्लास्टिकचं गांडूळ पहिल्यांदा बनवलं. आपण लहानपणी ज्याला खऱ्या मातीतून उकरायचो, त्याचाच हा भाऊ.) फेकलंस की काही करू नकोस. तंगूस ढिला सोड. गांडूळ दोन्ही टोकं थरथरवत, सावकाश, आडवं खाली जातं. तुझी नजर पाण्यावर पडलेल्या तंगुसावर हवी. बहुतेक वेळा हाताला झटका लागतच नाही. तंगूस नुसता एकदा टचकन उडतो, किंवा वारा नसताना बाजूला चालायला लागतो. तेवढ्यात ढील गुंडाळ आणि रॉड उचल.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ती.

पाणी साठ-पासष्टवर टिकलं की नर काठाला येतात. आपल्याकडे साधारण एप्रिलअखेर ते मे. दोन-चार फूट पाण्यात शेपटीने गाळ झाडून, खालची वाळू आणि खडे मोकळे करून नर एक गोल खळगा करतो. पोलराइड चष्मा लावून काठाने हळू चाललास तर तपकिरी तळात ताटाएवढे, परातीएवढे फिक्कट गोल दिसतील. मादी येते, अंडी सोडते आणि निघून जाते. पुढचं सगळं नर एकटा करतो. शेपटी हलवून अंड्यांवरचा गाळ उडवतो, पाणी खेळतं ठेवतो. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोहायला लागली तरी तो त्यांच्या काळ्या ढगाभोवती कितीतरी दिवस फिरत राहतो. या काळात तो जवळजवळ खात नाही. आणि नेमक्या याच काळात त्याला धरणं सर्वांत सोपं असतं, कारण घरट्यात पडलेली प्रत्येक वस्तू तोंडाने उचलून बाहेर टाकायची, एवढंच त्याला कळतं.

माझं इथलं दुसरं वर्ष होतं. मला असं एक घरटं दिसलं. दोन वेळा आमिष टाकलं, तिसऱ्यांदा त्याने घेतलं. चांगला तीन पौंडी नर होता. मी फोटो काढले, वजन केलं, सोबतच्यालाही धरायला दिला, मग सोडला. आठ-दहा मिनिटं गेली असतील. परत खळग्याकडे बघितलं तर पंधरा-वीस ब्लूगिल, म्हणजे तळ्यातले छोटे मासे, डोकी खाली, शेपट्या वर करून त्यात टोचत होते. कोंबड्यांपुढे कण्या टाकाव्यात तसं. नर परत आला, पण लगेच नाही. बराच वेळ तो वेलींच्या मुळाशी कल्ले हलवत पडून होता. तो आला तेव्हा राखायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर खळग्यावर गाळ बसायला लागला होता. तो नर मी जिवंत सोडला होता, तरी त्याचं ते वर्ष मी संपवलं होतं. त्यानंतर घरट्यावर मी एकदाही गळ टाकलेला नाही, आणि तूही टाकू नयेस असं मला मनापासून वाटतं.

राज्याचा नियमही आहे: १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास धरला तर तिथल्या तिथे सोडायचा, घरी न्यायचा नाही. पण सोडला म्हणजे झालं, एवढ्यावर थांबू नकोस. दिसलेल्या घरट्याला वळसा घाल. त्या दिवसांत मासाच लागायला हवा असेल तर घरट्यांपासून दूर, पाच-सहा फूट खोल पाण्यात गळ टाक. अंडी सोडून परतलेल्या माद्या तिथे असतात.

तू पुण्यात वाढलास, म्हणून कदाचित तुला ठाऊक नसेल. आमच्या संगमेश्वराकडे जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की नदीतले मासे अंडी घालायला वहाळातून, पऱ्ह्यांतून थेट भातखाचरांत चढतात. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. रात्री बॅटऱ्या आणि कोयते घेऊन सगळी वाडी बाहेर पडायची, मीही बापाच्या मागून पळायचो. घरी आल्यावर आजी गाभोळी वेगळी काढून तव्यावर परतायची. तिची चव आजही जिभेवर आहे. पण हल्ली गावी गेलो आणि पाऊस गाठता आला, तर त्याच पऱ्ह्यात बॅटरी मारून नुसतं पाणी दिसतं. धरणं, औषधं, पाण्याला लावलेली वीज, कारणं पुष्कळ असतील. पण पोटात अंडी असलेला मासा आम्ही टोपल्या भरभरून आणला, हेही त्यात आहे. ते तळ्यावर मला दर मे महिन्यात आठवतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात लिहितो, कारण जूननंतर आपण सोबत जाऊच. पाणी ऐंशीच्या घरात गेलं की पहाटेचा तास-दीड तास आणि संध्याकाळ, एवढंच खरं. दिवसा बास कमळाच्या पानांखाली किंवा काठावर झुकलेल्या झाडाच्या सावलीत असतो. सगळ्यांत खोल जागी शोधू नकोस. आपल्यासारख्या लहान तळ्यात उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. शेवाळाच्या थरावर पोकळ रबरी बेडूक टाकून बघ. बासने झडप घालून पाणी फुटलं की लगेच ओढायचा मोह होतो; ओढू नकोस. वजन हातात येईपर्यंत थांब, मग रॉड जोरात मागे ओढ.

दोन-तीन दिवस ढगाळ, वारा पडलेला आणि हवा कोंदट, असं असलं तर पहाटे आधी पाण्याकडे नीट बघ. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, उजाडताना तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले तर रॉड गाडीतून काढूच नकोस.

मासा हातात आला की आधी हात ओला कर. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कातडीवरचं औषध आहे. कोरड्या हाताने, टॉवेलने किंवा गवतावर टेकवलंस तर तो निघतो. खालचा जबडा अंगठा आणि बोटात धर, आणि मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली दे. नुसत्या जबड्यावर आडवा धरून फोटो काढतात तसं करू नकोस, सगळं वजन त्या सांध्यावर येतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाक. मासा निसटेल असं वाटतं, पण तंगूस ताणलेला ठेवलास तर सहसा निसटत नाही, आणि सोडवताना मात्र एका सेकंदात सुटतो.

खायचं विचारलं होतंस. आपण मासेखाऊ माणसं, प्रश्न रास्त आहे. बास तळ्यातल्या साखळीच्या टोकाला बसलेला, त्यामुळे खालच्या सगळ्यांतला पारा त्याच्या मांसात साठत जातो. राज्य कुठल्या पाण्यातला कोणता मासा किती खावा याची सूचना काढतं, ती वाच. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नक्कीच. माझं मत सांगू? बास सोडून दे आणि तळायला ब्लूगिल आण. काटे आहेत, पण चव आहे. शिवाय इथल्या थंडीत बासला पंधरा इंच व्हायला चार-पाच वर्षं लागतात.

आणि कुठल्याही पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडू नकोस, अगदी आमिषाचा उरलेलासुद्धा. जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास धरला. त्याची बरोबरी झाली ती २००९ मध्ये, जपानमधल्या बिवा सरोवरात. बास तिथला नव्हेच, माणसांनी नेलेला. तिथल्या मूळच्या माशांचा त्याने इतका फडशा पाडला की बिवात आता धरलेला बास परत सोडायलाच बंदी आहे. मासा तोच, पण इथे सोडणं योग्य आणि तिथे मनाई.

सप्टेंबरअखेर पाण्याचा आकडा उतरू लागला की मधे काही दिवस तळं गढूळ होईल, कुजका वास येईल. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं आणि तळाचं वर येतं. ते दिवस घरी बस. त्यानंतर पाणी पासष्टहून पन्नासवर येईपर्यंत बास अधाशासारखा खातो, तेव्हा स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष) वेगाने ओढलास तरी चालेल. कुजलेल्या वेली सोड, जिथे अजून हिरव्या आहेत तिथे टाक. हिवाळ्यात तळाशी हलकं जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), आणि अगदी सावकाश. बर्फावर मात्र जाऊ नकोस. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच लागतो, आणि आपल्या भागात दोन गार रात्रींनंतर एक उबदार दिवस येतोच. तरुण मुलांनी तिथे पाऊल टाकलेलं मला बघवत नाही.

परवाना काढला आहेस ना? सोळा ते एकोणसत्तर वयाच्या सगळ्यांना लागतो, ऑनलाइन मिळतो. गवतातून आलास की घरी जाऊन पिंढऱ्या आणि गुडघ्यामागची जागा नीट बघ, इथल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो.

आज दुपारी उत्तरेच्या काठाला ५२ होतं, धक्क्याला ४८. गुरुवारपासून ऊन आहे म्हणतात. शनिवारी दोन वाजता ये, पडलेल्या मेपलपाशी. तुझं थर्मामीटर आण, माझ्याशी ताडून बघू. काकू घावणे देणार आहे, जेवून येऊ नकोस.

तुझा,
काका