पंधरा वर्षांच्या मुलाला गुप्तरोगांबद्दल नेमकं काय सांगावं?

‘घाणेरडे रोग’ म्हणून घाबरवू नका. घाबरलेला मुलगा आजार लपवतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

पहिली गोष्ट सांगा ती ही, की लक्षण नसलं तरी संसर्ग असू शकतो. क्लॅमिडिया या गुप्तरोगात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, उपचाराविनाही काही आठवड्यांत भरते. मुलांना वाटतं, बरं झालं. आजार मात्र शरीरात वाढत राहतो. सिफिलिस, परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया हे अँटिबायोटिक्सने बरे होतात, पण दुकानातून अंदाजाने घेतलेल्या गोळ्यांनी नाही.

कंडोमबद्दल तपशिलात बोला, कारण चुका तपशिलातच होतात. पाकिटावरची मुदत बघायची. वॉलेटमध्ये महिनोन्महिने ठेवल्यास उष्णतेने आणि घर्षणाने तो कमजोर होतो. दाताने फाडायचा नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं तर लॅटेक्स फाटतं. गुप्तांगावरची नागीण (हर्पीस) आणि एचपीव्ही (गुप्तांगावर चामखीळ आणि काही कर्करोग घडवणारा विषाणू) त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, म्हणून तिथे कंडोमचं संरक्षण अर्धवटच.

एचपीव्हीवर लस आहे, मुलग्यांनाही देता येते. पंधरावं लागण्याआधी सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने २ डोस, नंतर सहसा ३.

एचआयव्हीचा धोका वाटला तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं; प्रतिबंधक औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. तपासणी लगेच निगेटिव्ह आली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर त्याच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.